‘गाडीने जा’ असे सांगावे का?

आमच्या इमारतीत कोणाला लांबचा प्रवास करावयाचा झाला, की तो आधी आमच्या दारावरची घंटा वाजवितो. रेल्वेत मी नोकरी केलेली नाही. माझे मामा भुसावळला गार्ड होते आणि लहानपणच्या मे महिन्याच्या सुट्ट्या मी त्यांच्या क्वार्टरमध्ये काढल्या, एवढेच माझे भांडवल. पण तेवढ्यावर चाळीस वर्षे मी या इमारतीचा वेळापत्रकवाला म्हणून मिरवलो. कोणती गाडी मनमाडला अपरात्री पोचते, कोणत्या गाडीत दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी राहत नाही, खालचा बर्थ मिळण्याची युक्ती काय, हे विचारायला माणसे येत आणि मी सांगत असे. चहा हिचा आणि सल्ला माझा, असा हा धर्मादाय दवाखाना होता.

‘होता’ म्हणतो, कारण २०१४ पासून तो मी बंद ठेवला होता. कोणी विचारलेच तर वेळ तेवढी सांगावी, गाडीचा क्रमांक लिहून द्यावा, आणि ‘बघा बुवा तुमच्या सोयीने’ म्हणून मोकळे व्हावे, असे मी धरले होते. त्याचे कारण पुढे सांगतोच.

२०२४ सालची दिवाळी नुकतीच आटोपली होती. समोरच्या बिऱ्हाडातले नाना आणि माई एका संध्याकाळी आले. नाना म्युनिसिपालिटीच्या शाळेत पस्तीस वर्षे भूगोल शिकवीत होते. वय शहात्तर. एक गुडघा बदललेला, दुसरा रांगेत उभा. माई एकाहत्तरच्या, तब्येतीने काटक, पण रात्री दोनदा उठावे लागते. त्यांची मुलगी कलकत्त्याला असते. (२००१ पासून त्या शहराला कोलकाता म्हणावयाचे, हे मला ठाऊक आहे, जीभ ऐकत नाही.) जावई बंगाली. नातवाचे अन्नप्राशन, म्हणजे तिकडचे ‘मुखेभात’, जानेवारीच्या अखेरीस ठरले होते. मुलीने फोनवर बजावले होते, “विमानाने या, पावणेतीन तासांचा प्रश्न.” बंगळूरच्या मुलाने तर तिकिटे काढून पाठवितो म्हणून सांगितले होते. अडून बसले होते ते नाना.

“भाऊसाहेब,” ते म्हणाले, “पस्तीस वर्षे मी पोरांना छोटा नागपूरचे पठार शिकविले. लोखंड कुठे, कोळसा कुठे, सुवर्णरेखा कुठून निघते, सगळे भिंतीवरच्या नकाशात छडीने दाखविले. मी स्वतः नागपूरच्या पलीकडे गेलेलो नाही. आता विमानात बसून ढग बघत जाऊ?”

माईंचे म्हणणे एका वाक्याचे होते. “यांचा गुडघा आणि माझी रात्र, या दोन गोष्टी सांभाळून काय ते सांगा.”

मी म्हटले, “दोन दिवस द्या मला.” नानांना याचे आश्चर्य वाटले असावे. पूर्वी मी दोन मिनिटेही घेत नसे.

आता त्या २०१४ च्या जानेवारीची गोष्ट सांगतो. हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू, ठाण्याला राहतात. त्यांचे मोठे बंधू ग्वाल्हेरला लष्कर भागात होते. घराणे तिकडे तीन पिढ्या मुरलेले. ते आजारी पडले, इस्पितळात ठेवले, आणि एके दिवशी दुपारी फोन आला की येऊन जा. साडूंनी मला विचारले. दिल्लीपर्यंत विमान आणि तिथून मोटारीने उलटे खाली ग्वाल्हेर, की सरळ रात्रीची गाडी? मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “कशाला ती धावपळ? रात्री गाडीत बसा, छान झोप काढा, उद्या संध्याकाळी पाचला ग्वाल्हेर. उतरलात की रिक्षाने दहा मिनिटे.”

जानेवारीत उत्तरेत धुके असते, हे काय मला ठाऊक नव्हते? चांगले ठाऊक होते. धुक्यात ड्रायव्हरला सिग्नल दिसत नाही, म्हणून सिग्नल जवळ आला हे कळावे यासाठी रुळावर फटाका ठेवीत; चाकाखाली तो फुटला की ड्रायव्हरने वेग आवरावयाचा. गाडी चालते, पण बैलगाडीच्या चालीने. शिवाय जी गाडी आपल्याला घेऊन जाणार, तिचे डबे बहुधा उत्तरेकडूनच आलेले असतात. तिकडून येताना ते रखडले की इकडून सुटतानाच उशीर. तसेच झाले. मुंबईहून सुटायलाच पाच तास लागले. मग झाशीच्या अलीकडे धुके. मी घरी बसून दर अर्ध्या तासाने संगणकावर गाडी कुठे आली ते पाहत होतो. ही काही बोलत नव्हती. साडू पोचले ते तिसऱ्या दिवशी सकाळी सातला, चौदा तास उशिरा.

त्यांचे बंधू आदल्या रात्री दहाच्या सुमारास गेले. संध्याकाळी सातपर्यंत शुद्धीवर होते आणि दरवाजाकडे पाहत होते, असे नंतर कळले. गाडी वेळेवर असती तर दोघा भावांना दीड तास मिळाला असता.

साडू मला एका शब्दाने बोलले नाहीत. मेहुणीने एकदाच, फोडणी परतता परतता, माझ्याकडे न पाहता म्हटले, “तुमच्या गाड्यांची आवड तुमच्यापाशी.” त्या दिवशी मी दवाखान्याला कुलूप घातले.

त्यानंतर मी पुष्कळ वेळा हिशेब मांडला आहे. त्या दिवशी दिल्लीलाही धुके होते, विमानही रखडले असते, हा माझा आवडता मुद्दा. तो खोटाही नाही. पण त्याने माझे समाधान होत नाही, कारण मी सल्ला देताना धुक्याचा, विमानाचा, आजाऱ्याचा कशाचाच विचार केला नव्हता. मला आठवत होती ती माझी लहानपणची गाडी. फिरकीचा तांब्या, होल्डॉलची वळकटी, खिडकीतून डोळ्यांत जाणारे कोळशाचे कण, आणि भुसावळच्या फलाटावर हिरवे निशाण घेऊन उभे असलेले मामा. लोक मला विचारीत होते कसे जावे, आणि मी त्यांना सांगत होतो मला काय आवडते.

नाना-माई येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला गेलो. साडू आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना म्हटले, “असे असे विचारायला आलेत. काय सांगू?” दहा वर्षांत हा विषय आमच्यात निघाला नव्हता. ते जरा वेळ पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “तुम्ही मला गाडी सांगितलीत, त्यात काही चुकले नाही. मी तिथे किती वाजेपर्यंत पोचायला हवे, हे तुम्ही विचारले नाहीत. आणि मीही सांगितले नाही.” मग त्यांनी मेहुणीला हाक मारून पोहे करावयास सांगितले.

लोकलने परत येताना मी या एका प्रश्नावर सगळी मांडणी पुन्हा केली.

लांबची गाडी उशिरा येणार नाही, असे आपल्या देशात कोणीही छातीठोकपणे सांगू नये. एकाच रुळावरून मेल, पॅसेंजर आणि मालगाडी जाते. एक अडकली की मागची सगळी अडकतात. म्हणून लग्नाचा मुहूर्त, परीक्षा, मुलाखत, इस्पितळ, यांच्याकडे जाताना गाडी धरावी तर एक अख्खा दिवस हाताशी ठेवून धरावी, नाहीतर धरू नये. घरी परतताना मात्र काय बिघडते? घर कुठे पळून जात नाही. तेव्हा नाना-माईंनी जाताना विमानाने जावे, कारण मुखेभाताला तिथी आहे. आणि येताना गाडीने यावे, कारण येण्याला तिथी नाही. हे मला एकदम इतके सोपे वाटले की इतकी वर्षे ते का सुचले नाही, याचाच राग आला.

पण गाडीने यावयाचे तर कोणत्या मार्गाने आणि कोणत्या वर्गाने, हा विचार राहतोच. मुंबईहून कलकत्त्याला जाण्याचे दोन मुख्य मार्ग. जबलपूर-अलाहाबादवरून जाणारा जुना. तो १८७० मध्ये अखंड जोडला गेला. ज्यूल व्हेर्नच्या ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या साहेबाला त्याच वाटेवर रूळ संपल्यामुळे हत्ती विकत घ्यावा लागतो. ते पुस्तक आले १८७२ मध्ये, म्हणजे रूळ पुरे झाल्यानंतर, पण हत्तीशिवाय गंमत काय? दुसरा मार्ग नागपूरवरून, १९०० साली पुरा झालेला, सुमारे १,९७० किलोमीटरचा. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत प्रयागला महाकुंभ होता, म्हणून पहिला मार्ग मी वहीत लिहिण्यापूर्वीच खोडला. नागपूरच्या मार्गाला धुक्याचाही तितका जाच नाही. वेगवान गाड्यांना त्याने तीस-एकतीस तास लागतात.

या मार्गाचे नाव काढले की मला मधू दंडवते आठवतात. आपल्या राजापूरचे खासदार, प्राध्यापक माणूस, १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. तिसरा वर्ग १९७४ मध्ये नावापुरता रद्द झाला होता, पण दुसऱ्या वर्गाचे बाक लाकडाचेच होते. ज्याने त्या फळीवर एक रात्र काढली आहे, त्याला तिच्या दोन पट्ट्यांमधली फट पाठीवर कुठे येते हे अजून सांगता येईल. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंचांचा फोम बसवायला लावला. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई ते हावडा ‘गीतांजली’ सुरू झाली, ती वर्गभेद नसलेली गाडी म्हणून. पुढे तिलाही वातानुकूलित डबे लागले, तो भाग निराळा. मंत्री पुष्कळ झाले, पूल आणि बोगदे पुष्कळांनी बांधले. पण परक्या माणसाच्या पाठीचा असा विचार करणारा विरळा. आज आपण जी शयनयानाची निळी गादी गृहीत धरतो, ती तिथून आली.

तरीसुद्धा नानांना मी शयनयान सांगणार नव्हतो. तरुणपणी मी सगळ्यांना तेच सांगत असे. खिडकी उघडी, वारा, माणसे, गप्पा. ‘खरा प्रवास तोच’ असे माझे पालुपद होते. शहात्तर वर्षांच्या बदललेल्या गुडघ्याला खऱ्या प्रवासाशी काय करायचे आहे? दिवसा तिथे आरक्षण नसलेली माणसे येऊन टेकतात आणि म्हाताऱ्या माणसाला संडासापर्यंत जाणे म्हणजे आट्यापाट्या होते. वातानुकूलित तिसऱ्या वर्गात मधला बर्थ असतो. तो नियमाप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतच उघडावयाचा, पण मधल्या बर्थच्या मालकाला दुपारी झोप आली म्हणजे खालच्या माणसाने मान वाकवून बसावे लागते. तेव्हा वातानुकूलित दुसरा वर्ग. त्यात मधला बर्थच नाही. पडदा आहे, उशी-चादर-कांबळे मिळते, आणि खाली साखळी लावून सामान बांधावयास कड्या आहेत.

खर्चाचे बोलावे लागेल. साठीच्या पुढच्या पुरुषांना भाड्यात चाळीस टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या स्त्रियांना पन्नास टक्के सवलत असे. ती २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली. त्यामुळे दोन महिने आधी काढलेले विमानाचे तिकीट आणि या वर्गाचे भाडे यांत पूर्वीसारखे जमीनअस्मानाचे अंतर राहिलेले नाही. ‘गाडीने जा, स्वस्त पडते’ हे वाक्य आता शयनयानापुरतेच खरे आहे. उलट सामानाचे पाहा. या वर्गात माणशी पन्नास किलो फुकट, विमानात पंधरा. माई लेकीकडे निघाल्या होत्या! डिंकाचे लाडू, मेतकूट, भाजणी, कुरडया, दोन दुपटी, आणि पितळेचा एक खुळखुळा. माईंनी रद्दीवाल्याचा ताणकाटा मागून आणून आमच्याच दारात पिशव्या तोलल्या. जाताना कुरडया राहिल्या. त्याबद्दल मला अजून ऐकून घ्यावे लागते.

तिकिटाची एक खुबी इथे सांगून ठेवतो, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी काही खालचे बर्थ राखून असतात. पण ते तिकिटावर एक किंवा दोनच माणसे असतील तेव्हा. नातवंडांसह सहा जणांचे एकत्र तिकीट काढले की आजोबा वरच्या बर्थवर आणि सातवीतला नातू खाली, असे होते. मग डब्यात याचना करीत फिरावे लागते. आजी-आजोबांचे तिकीट निराळे काढावे. आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण एकशेवीस दिवसांऐवजी साठ दिवस आधी उघडते, हेही ध्यानात असू द्यावे. नानांच्या मुलाला हे ठाऊक नव्हते. तो आतापासूनच फेब्रुवारीची तिकिटे शोधीत बसला होता.

तिसऱ्या दिवशी मी समोर गेलो आणि हे सगळे सांगितले. वाईट तेही लपविले नाही. पडदा असला तरी घोरणे पडद्याला मानीत नाही. हल्ली माणसे मोबाइलवर मोठ्या आवाजात सिनेमा पाहतात आणि त्यांना टोकले तर आपणच असंस्कृत ठरतो. गाडीच्या संडासाची अवस्था पहिल्या सहा तासांत ठीक असते, पुढे सहप्रवाशांच्या संस्कारांवर अवलंबून. ऐनवेळी फलाट बदलल्याची घोषणा झाली तर गुडघा घेऊन पूल चढावा लागेल. त्यासाठी हावड्याला एक तास आधी जावे आणि हमालाशी पैसे आधी ठरवावे. जेवण बरोबर घ्यावे, निदान पहिल्या रात्रीचे. आणि शेवटी म्हटले, “तीन-चार तास उशीर होईल हे धरूनच बसा. घरी रात्री केव्हा पोचाल ते मी सांगत नाही.”

“म्हणजे तुम्ही गाडीने या म्हणता की नाही?” माईंनी विचारले.

“या म्हणतो,” मी म्हणालो. दहा वर्षांनंतर ते शब्द तोंडातून काढताना मला बरे वाटले नाही, हे सांगितले पाहिजे.

नाना-माई विमानाने गेले. मुखेभात झाले. नातवाला पहिला घास मामाने भरवावयाचा असतो, म्हणून बंगळूरचा मुलगाही विमानाने गेला. फेब्रुवारीच्या मध्यावर एका दुपारी ते दोघे हावड्याहून गाडीत बसले आणि मी पुन्हा पूर्वीसारखा दर अर्ध्या तासाने गाडी पाहू लागलो. आता ती मोबाइलवर दिसते, एवढाच फरक. हिने एकदा येऊन पाहिले आणि काही न बोलता चहा ठेवून गेली.

खडगपूरपर्यंत गाडी वेळेवर होती. तिथल्या फलाटाची लांबी एक हजार बाहत्तर मीटर. जगातला सर्वांत लांब फलाट म्हणून नानांनी तो वर्गात शिकविला होता. २०१३ मध्ये गोरखपूरने आणि २०२३ मध्ये हुबळीने त्याला मागे टाकले. नानांनी फोन करून मला सांगितले की फलाट अजून संपलेला नाही. पुढे झाडग्रामच्या बाजूला लाल माती लागली, जांभ्याची, अगदी आपल्या कोकणासारखी, पण वर नारळाऐवजी सालाची झाडे. नाना खिडकीला नाक लावून बसले होते. घाटशिला आले. ‘पथेर पांचाली’ लिहिणारे बिभूतिभूषण बंदोपाध्याय १९५० मध्ये इथेच गेले, हे जावयाने त्यांना सांगून ठेवले होते. सुवर्णरेखा आता येईल, मग टाटानगर, मग पठार चढू लागेल. आणि अंधार पडला.

हे कसे काय झाले, ते मला नानांनी नंतर समजावले. मुंबईचे रेखांश त्र्याहत्तर, टाटानगरचे शहाऐंशी. तेरा अंश. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे सूर्य तिकडे आपल्यापेक्षा बावन्न मिनिटे आधी मावळतो. घड्याळ मात्र साऱ्या देशाचे एक. मी मुंबईच्या उजेडाने हिशेब केला होता, आणि फेब्रुवारीत पावणेसहाला टाटानगर म्हणजे पुष्कळ दिवस शिल्लक, असे धरले होते. ज्या पठारासाठी नाना गाडीने आले, ते सगळे पठार त्यांनी काळ्या काचेतून पाहिले. चक्रधरपूरला दिवे, राउरकेल्याला पोलाद कारखान्याची लाली, आणि मध्ये काळोख. “पस्तीस वर्षे हे मी पोरांच्या डोक्यात घातले,” ते म्हणाले, “आणि तिकीट काढताना माझ्याच डोक्यात आले नाही.”

रात्री कुठेतरी गाडी दोन-अडीच तास मागे पडली. मला झोप नव्हती. पहाटे चारलाच मी मोबाइल हातात घेतला. डोंगरगडला ती पहाटे अंधारात जावयाची, ती सातला गेली. आणि त्यामुळेच टेकडीवरचे बमलेश्वरीचे देऊळ त्यांना कोवळ्या उन्हात दिसले. माईंनी खिडकीतून हात जोडले. समोरच्या बर्थवर दुर्गची एक बाई होती, माहेरहून रायपूरला चढलेली. तिने माईंना ठेठरी दिली. बेसनाची, आपल्या कडबोळ्याच्या जातीची. माईंनी तिला कलकत्त्याच्या नव्या गुळाचे संदेश दिले. दुर्ग मागे राहिले तरी दोघी बोलतच होत्या. बाईंचे उतरायचे स्टेशन तासापूर्वीच गेले होते! तिचा मुलगा दुर्गच्या फलाटावर गाडी शोधून परत गेला. बाई गोंदियाला उतरली आणि उलट गाडीने गेली. हे ऐकून मी चिंतेत पडलो, पण माईंच्या मते ती मुळीच घाबरली नाही.

मग दिवसभर वऱ्हाड आणि खानदेश. नागपूरला संत्री, शेगावला हात जोडणे, भुसावळला केळी. भुसावळ आल्यावर नानांनी मला फोन लावला आणि नुसताच खिडकीबाहेर धरला. घोषणा ऐकू आली, चहावाल्याची आरोळी आली, मग नानांचा आवाज, “तुमच्या मामांचे क्वार्टर कुठल्या बाजूला?” मी सांगितले. आता तिथे काय आहे कोण जाणे.

कसारा घाट त्यांनी अंधारात उतरला. १८६५ मध्ये गाडी या घाटाने इगतपुरीला पोचली. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ आहे, आणि वर जाताना मागून जादा इंजिने लावून गाडी ढकलावी लागते. हेही नानांना दिसावे असे मला फार वाटत होते. रात्री साडेबारा वाजता टॅक्सी खाली थांबली. मी जिन्यात उभाच होतो. नाना एकेक पायरी चढत वर आले, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, वातानुकूलित डब्यातल्या गारठ्याने आवाज बसलेला. माई म्हणाल्या, “पुन्हा नाही हो भाऊसाहेब. रात्री तीनदा उठले, तिन्ही वेळा संडासात पाणी होते म्हणून देवाचे आभार मानले. पण पुन्हा नाही.”

नाना दोन दिवस सर्दीने पडून होते. मी विचारपूस करायला जात होतो, पण मनातून धास्तावलो होतो. तिसऱ्या दिवशी गेलो तर ते टेबलाशी शाळेचा जुना नकाशासंग्रह उघडून बसले होते. हावड्यापासून पेन्सिलीने रेघ ओढलेली, प्रत्येक स्टेशनाजवळ बारीक अक्षरात वेळ. झाडग्रामपाशी ‘जांभा, साल’, डोंगरगडपाशी ‘देऊळ, ऊन’. टाटानगरपासून रायपूरपर्यंत मात्र रेघेवर काहीच लिहिले नव्हते.

“सकाळी मुंबईहून निघणारी गाडी घेतली,” नाना त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, “तर राउरकेल्याला उजाडते. बरोबर ना? म्हणजे जाताना गाडीने जावयाला हवे.”

मी काही उत्तर द्यायच्या आधी माई स्वयंपाकघरातून चहा घेऊन आल्या. कप माझ्यापुढे ठेवीत त्या म्हणाल्या, “तिथी नसेल तेव्हा. आणि यांना या खेपेस बाजूचा बर्थ आला होता, पाय पुरत नव्हते. दोघांचे समोरासमोर खालचे मिळतील असे बघा.”